आमची मुलाखत

शाळेच्या वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे, अशी आज्ञा आमच्या मराठीच्या बाईंकडून आली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा विचार आम्हांस करावा लागला नाही. मागील स्नेहसंमेलनास आम्ही शाळेत आलो असता दहावीच्या वर्गातील तीन-चार मुलींनी आम्हांस पाण्याच्या टाकीपाशी गाठून एकच प्रश्न विचारला होता: "ताई, डॉक्टरीच्या मुलाखतीची तयारी कशी करावयाची?" इतक्यात कार्यक्रमाची घंटा झाली आणि उत्तर आमच्या तोंडातच राहिले. ते आज येथे सावकाश देण्याचा विचार आहे. मात्र वाचकांनी आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या मुलाखतीची हकीकत आम्ही सांगणार आहो, तीतून आमची निवड झाली नाही. तेव्हा हे कोणा यशस्वी मनुष्याचे अनुभवाचे बोल नव्हेत. ज्यांस तशा बोलांची अपेक्षा असेल त्यांनी पान उलटावे, आम्हांस राग नाही.

आपल्या देशातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेशासाठी आज मुलाखत म्हणून काही राहिलेली नाही. २०१६ सालापासून 'नीट' ही एक परीक्षा देशभर लागू झाली, आणि २०२० सालापासून दिल्लीची एम्स व पुदुच्चेरीची जिपमर या संस्थांनीही आपल्या निराळ्या परीक्षा सोडल्या. ७२० पैकी गुण किती, एवढेच पाहिले जाते. विद्यार्थी बोलतो कसा, हे कोणी विचारीत नाही. हे अगदीच वाईट झाले असे आम्हांस वाटत नाही. मुलाखत म्हटली की ओळख आली, आडनाव आले, आणि ज्या घरात लहानपणापासून इंग्रजी बोलले जाते त्या घरच्या मुलाचा सफाईदारपणाही आला. गुणपत्रिकेस निदान कोणाचे आडनाव ऐकू येत नाही.

या रीतीस एक मोठा अपवाद आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्यास वानवडी येथे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची स्थापना १९४८ साली झाली आणि पदवीचे वर्ग १९६२ साली सुरू झाले. लोक त्यास 'एएफएमसी' या नावानेच ओळखतात. तेथे नीटच्या गुणांवरून काही उमेदवारांस पुण्यास बोलावून घेतात. त्यांची इंग्रजी व तर्कबुद्धीची एक लेखी परीक्षा होते, मानसशास्त्रीय चाचणी होते, आणि मग अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे मुलाखत होते. शिक्षणाचा भार सरकार उचलते. त्याच्या मोबदल्यात पदवीनंतर सैन्यदलांत वैद्यकीय अधिकारी म्हणून सेवा करावी लागते. २०२३ साली आम्ही या वाटेस गेलो. त्या वर्षी मुलींसाठी तेथे ३० जागा होत्या. आमचे वडील मिरजेत एका छापखान्यात नोकरीस आहेत, आई परिचारिका आहे, आणि घरात आमच्या पाठचे दोन भाऊ शिकत आहेत. 'शिक्षणाचा भार सरकार उचलते' हे वाक्य आमच्या घरात किती वेळा उच्चारले गेले असेल, याची कल्पना पालकवर्गास सहज येईल.

नीटचा निकाल जूनमध्ये लागला. गुण बरे पडले होते. आता मुलाखतीस बोलावणे येणार हे गृहीत धरून आम्ही दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली व तीत प्रश्न आणि उत्तरे उतरून काढण्यास आरंभ केला. मागील उमेदवारांकडून, छापील मार्गदर्शिकांतून, जेथून मिळाले तेथून आम्ही ते जमविले. डॉक्टर का व्हावयाचे? सैन्यातच का? आपल्यातील मोठा दोष कोणता? (या शेवटच्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर 'मी फार कष्ट करते' असे आहे, हे वाचून आम्हांस त्या वेळी हसू आले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.) तीन आठवड्यांत साठांवर प्रश्नांची उत्तरे वहीत जमली व आम्ही ती परवचा म्हणावा तशी पाठ केली.

आमच्या मागल्या गल्लीत आपल्याच शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे एक शिक्षक राहतात. त्यांनी आमची परीक्षा घ्यावी असे वडिलांनी त्यांस विनविले. एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले, खुर्चीवर ताठ बसले आणि आम्हांस समोर उभे करून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "डॉक्टर का व्हावयाचे?"

आम्ही वहीतील उत्तर धडाधड म्हणून दाखविले. त्यात सेवा हा शब्द चार वेळा होता.

"सेवा तर परिचारिकाही करते," सर म्हणाले. "मग तू परिचारिका का होत नाहीस?"

हा प्रश्नही वहीत होता, बहुधा चौदाव्या पानावर. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले की, रोगाचे निदान डॉक्टर करतो, उपचाराचा निर्णय डॉक्टर घेतो. परिचारिका केवळ सांगितलेले काम पार पाडते, आणि आपणांस निर्णय घेणारी व्यक्ती व्हावयाचे आहे.

त्याच खोलीत, खिडकीपाशी, आई दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा पांढरा पोशाख इस्त्री करीत होती. बावीस वर्षे ती हे काम करीत आली आहे. तिची इस्त्री थांबली. तिने मान वर केली नाही. पण कापड करपल्याचा थोडा वास आला, तेव्हा तिने घाईने इस्त्री उचलली. सरांनी वही मिटली व म्हणाले, "आजचे एवढे पुरे."

त्या रात्री घरात कोणी विशेष बोलले नाही. आम्हांस वाटले की आई रागावली आहे. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, हातपाय धुऊन आमच्याजवळ बसली आणि म्हणाली, "ती वही मला बघू दे जरा." तिने चष्मा लावून चौदावे पान वाचले, मागची-पुढची पानेही वाचली. अक्षर चांगले आहे, एवढेच ती म्हणाली. मग तिने एका रात्रपाळीची गोष्ट सांगितली.

पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला एक मध्यमवयीन गृहस्थ तिच्या वॉर्डात होता. रात्री बाराच्या नोंदीत नाडी, ताप, रक्तदाब ठीक होते. दोनच्या सुमारास ती पलंगांमधून फिरत असता तो गृहस्थ उशी उंच करून बसलेला तिला दिसला. काही होते का, असे विचारता 'काही नाही, झोप येत नाही' असे तो म्हणाला. आईने त्याचे मनगट धरले व पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे पाहिले. श्वास चौतीस भरले. मोठ्या माणसाचे श्वास स्वस्थ असताना मिनिटास बारा ते वीस असतात. तिने प्राणवायू सुरू केला आणि डॉक्टरांस दूरध्वनी केला. डॉक्टर दिवसभर शस्त्रक्रिया करून नुकतेच निजले होते. ते आले, तपासले, औषधे ठरविली, व त्या मनुष्यास अतिदक्षता विभागात हलविले. पंधरा दिवसांनी तो चालत घरी गेला.

"निदान त्यांनीच केलं, निर्णय त्यांचाच," आई म्हणाली. "पण रात्री दोन वाजता त्यांना उठवायचं, हा निर्णय कोणाचा?"

आम्ही काय उत्तर देणार? क्षमा मागावी असे मनात आले, पण शब्द फुटेना. तिलाही बहुधा क्षमेची गरज नव्हती, कारण ती लगेच म्हणाली, "आण हात इकडे. श्वास कसा मोजायचा ते तुला दाखवते." श्वास मोजतो आहो हे रोग्यास सांगावयाचे नसते, सांगितले की तो आपला श्वास सांभाळून घेऊ लागतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून नाडी पाहतो आहो असे दाखवून मनगट धरून ठेवावयाचे आणि डोळे छातीवर लावावयाचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणारे पुष्कळ असतात. आई पूर्ण मिनिट मोजते. त्या आठवड्यात आमच्या आजीची नाडी घरात इतक्या वेळा पाहिली गेली की, आपणांस काही मोठा आजार झाला असून तो आपल्यापासून लपविला जात आहे, अशी तिची खात्री झाली.

सर पुढच्या खेपेस आले ते कात्री घेऊनच. त्यांनी वहीतील सर्व उत्तरे कापून काढावयास सांगितली व प्रश्न तेवढे ठेवविले. "उत्तरे लिहावयाची नाहीत," ते म्हणाले, "प्रश्न घेऊन फिरावयास जात जा." तयारी खरी येथून सुरू झाली असे आम्ही समजतो. तीत फार दिवस गेले नाहीत. पण त्या दिवसांचा आनंद अद्याप आठवतो.

आमची एक मावसबहीण इंग्लंडात लेस्टर येथे राहते. तिनेही त्याच सुमारास वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे अर्ज केलेले होते. तिकडील विद्यार्थ्यास एका वर्षी चारच वैद्यकीय शाळांकडे अर्ज करता येतो, आणि बहुतेक ठिकाणी मुलाखत चुकत नाही. परंतु तिकडील मुलाखतीची तऱ्हा निराळी. एका मंडळापुढे अर्धा तास बसावयाचे नाही. ओळीने अनेक खोल्या किंवा मेजे मांडलेली असतात, प्रत्येक ठिकाणी निराळा परीक्षक व निराळा प्रसंग असतो, दाराशी प्रसंग वाचावयाचा, आत पाच-दहा मिनिटे बोलावयाचे, घंटा झाली की पुढे. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात निघाली व तिची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागील विचार साधा आहे. एका परीक्षकाचे मत कलुषित होऊ शकते, किंवा विद्यार्थ्यास एखादाच प्रश्न नेमका न जमण्यासारखा असतो. पण आठ-दहा जणांनी स्वतंत्रपणे पाहिले तर चुका बऱ्याच अंशी एकमेकींस खोडून काढतात. मुलाखतीस आम्ही वर जी नावे ठेवली, त्यांवर हा उतारा आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

बहिणीने आम्हांस एक प्रसंग पाठविला. आपण गाडी मागे घेत असता शेजाऱ्याचे मांजर चाकाखाली सापडून मेले. आता ते शेजाऱ्यास जाऊन सांगावयाचे आहे. शेजारी व्हावयास वडील तयार झाले. आम्ही दार वाजवून आत आलो, पावसापाण्याची चौकशी केली, मग मांजरे किती चपळ असतात यावर थोडे बोललो, आणि अखेरीस त्यांचे मांजर 'आता आपल्यात नाही' असे म्हणालो. वडिलांनी विचारले, "म्हणजे कोठे गेले?" भाऊ हसून लोळू लागले. दुसऱ्या खेपेस आम्ही एकदम सांगून टाकले व लागलीच 'नवे मांजर आणून देते' असे म्हणालो. यावर वडील काही क्षण गप्प बसले. मग खरोखरीच जड आवाजात म्हणाले, "नवं नको मला. ते दुखण्यात नव्हतं ना, एवढं सांग." छापखान्यात खिळे व शाई यांत जन्म काढलेल्या आमच्या वडिलांच्या अंगी ही कला आहे, हे घरात कोणास ठाऊक नव्हते. आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि जे ठाऊक होते तेवढेच सांगितले. सर बाजूस बसून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी वहीत काही लिहूनही घेतले नाही, यावरून ते प्रसन्न असावेत असा आम्ही तर्क केला.

आनंदीबाई जोशी यांची आठवण सरांनीच काढली. १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेस पोचल्यावर फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. हल्लीच्या अर्जांत विद्यार्थी आपले गुण प्रथम मांडतो. आनंदीबाईंनी प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नसू हे त्या पत्रात कबूल केले आहे; आपल्या देशातील स्त्रियांस स्त्री-डॉक्टरची गरज आहे, त्यासाठी आपण आलो आहो, हेही सांगितले आहे, आणि आपली स्थिती अपवादात्मक असल्याने सवलत मागितली आहे. त्यांस प्रवेश मिळाला व १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. "तिला कोणी उत्तर पढविले असते, तर हे पत्र झाले नसते," असे सर म्हणाले. आम्हांस मात्र त्याच वेळी असे वाटले की, इतक्या मोठ्या बाईचा दाखला आमच्यासारखीने घेणे धाष्टर्याचे आहे. तथापि पत्र वाचल्यापासून 'ठाऊक नाही' हे शब्द उच्चारताना आमची जीभ पूर्वीइतकी अडखळेना, हेही खरे.

पावसाळ्यात बोलावणे आले. महालक्ष्मी एक्स्प्रेसने वडील व आम्ही पहाटे पुण्यास उतरलो. लेखी परीक्षेत अर्ध्या तासात चाळीस प्रश्न होते. त्यांविषयी सांगण्यासारखे एवढेच की, घड्याळाकडे पाहण्यात वेळ घालवू नये. आमचे खरे बोलावयाचे ते मुलाखतीविषयी.

बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी बसलेली एक मुलगी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. आम्ही कान दिला तो शब्द ओळखीचे निघाले. ते आमच्याच वहीतील, आता कापून टाकलेले, सैन्यातच का या प्रश्नाचे उत्तर होते. तिनेही ते त्याच मार्गदर्शिकेतून घेतले असावे. आम्हांस तिची दया आली की स्वतःची, ते सांगवत नाही.

आत गेल्यावर आमच्या सर्व तयारीच्या बाहेरचा प्रश्न प्रथम आला. गाव कोणते? मिरज. मिरजेचे प्रसिद्ध काय? सतार आणि तंबोरा, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले. मग एका अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले की, तंबोऱ्याचा भोपळा आपण भाजीस वापरतो तोच काय? आम्ही जन्मभर त्या दुकानांवरून शाळेत गेलो-आलो, पण आत कधी डोकावलो नव्हतो. "मला ठाऊक नाही, सर," आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलविली व पुढे विचारले की, तुम्हांस याविषयी कधी कुतूहल वाटले नाही काय? या प्रश्नास 'ठाऊक नाही' हे उत्तर चालण्यासारखे नव्हते. "नाही वाटले," असे आम्ही म्हणालो, आणि त्या क्षणी आमचे कान तापले. (गावी परतल्यावर आम्ही प्रथम त्या गल्लीत गेलो. तो भोपळा खाण्याचा नव्हे. कडू, जाड सालीचा, निराळाच. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो व कित्येक महिने वाळवावा लागतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा भावांनी आम्हांस ती बातमी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखविली.)

नंतर आईचा व्यवसाय विचारला गेला, आणि ओघानेच तो प्रश्न आला. मग परिचारिका का नाही?

आम्ही थोडे थांबलो. मग सांगितले की, याचे एक उत्तर आम्ही पाठ केले होते आणि ते आईच्या देखत म्हटले होते; ते चुकीचे होते. आईची रात्रपाळीची गोष्ट आम्ही जमेल तशा इंग्रजीत सांगितली. ज्यास रात्री दोन वाजता उठविले जाते तो माणूस आपण व्हावे असे आम्हांस वाटते, आणि उठविणारीचे म्हणणे ऐकणारा व्हावे असे वाटते. एवढेच या घडीस सांगता येते, असे म्हणून आम्ही थांबलो. कोणी शाबासकी दिली नाही, कोणी कपाळास आठीही घातली नाही. "ठीक आहे, आपण जाऊ शकता," असे सांगण्यात आले.

निवडयादी लागली तीत आमचे नाव नव्हते. कशामुळे गेले, तंबोऱ्यामुळे की लेखीतील गुणांमुळे, हे शोधण्यात काही दिवस आम्ही फुकट घालविले. वडील दोन दिवस छापखान्यातून उशिरा येत होते. राज्याच्या फेरीत पुढे एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. तेथे कागदपत्रे तपासली, शुल्क भरून घेतले, आणि डॉक्टर का व्हावयाचे हे कोणीही विचारले नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हांस प्रथमच वॉर्डात पाठविले. रोग्याची हकीकत विचारून लिहून आणावयाची होती. पुन्हा हाती प्रश्नांची यादी होती. या खेपेस विचारणारे आम्ही होतो. पलंगावर एक म्हातारी बाई होती. आम्ही नाव, वय, तक्रार केव्हापासून, असे क्रमाने विचारू लागलो, तो तीच म्हणाली, "आधी तू कुठली, कुणाची, ते सांग की." आम्ही सांगितले. आई सिस्टर आहे हे ऐकताच ती मोकळी होऊन बोलू लागली, व आमच्या यादीतील निम्मे प्रश्न न विचारताच सुटले. बोलता बोलता आम्ही तिचे मनगट धरले आणि डोळे छातीकडे वळविले. आकडा अठ्ठावीस आला. आम्ही धावतच सिस्टरांकडे गेलो. त्या औषधांच्या ट्रॉलीवरून मान वर न करता म्हणाल्या, "सकाळीच नोंदलंय मी. डॉक्टरांना कळवलंय, येतायत ते."

त्या रात्री घरी दूरध्वनी करून आम्ही ही सर्व हकीकत आईस उत्साहाने ऐकविली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग विचारले, "पूर्ण मिनिट मोजलेस, की अर्धं मोजून दुप्पट केलीस?"

आम्ही अर्धेच मोजले होते.

"मग उद्या जाऊन पुन्हा मोज," आई म्हणाली, आणि तिची पाळीची वेळ झाली होती म्हणून तिने दूरध्वनी ठेवला.